ओपन सोर्स फोनसाठी पैसे कुठून आणायचे आणि तो विकायचा कोणाला

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की चार-पाच जणांची टीम आहे, फोनचा सर्किट बोर्ड तयार आहे, त्यावर मेनलाइन लिनक्स (म्हणजे लिनक्सचा मूळ, सगळ्यांसाठीचा कर्नल, सिस्टीमचा गाभा) बूट होतं, टच आणि वायफाय चालतं, कॉल लागतो पण आवाजाची गडबड आहे. आता क्राउडफंडिंग करायचं की गुंतवणूकदार शोधायचा, टार्गेट किती ठेवायचं, आणि मार्केटिंगसाठी एजन्सी घ्यावी का. मी बरीच वर्षं छोट्या बॅचमध्ये निघणाऱ्या ओपन हार्डवेअरच्या कामात आहे, त्यात फोनही आले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी माझं मत सांगून टाकतो. तुम्हाला तीन वेगळ्या कामांसाठी पैसे लागणार आहेत आणि तिन्हींचा हिशोब पहिल्या दिवसापासून वेगळा ठेवा. एक म्हणजे डिझाईन, प्रोटोटाइप, मोल्ड (केसचा साचा), सर्टिफिकेशन, हा एकदाच होणारा खर्च. दुसरा, प्रत्यक्ष फोन बनवून लोकांच्या हातात पोचवायचा खर्च, जो फोनागणिक वाढतो. आणि तिसरा सॉफ्टवेअरचा, जो कधीच संपत नाही, फोन विकून झाल्यावर तर उलट वाढतो. हे तिन्ही ग्राहकाच्या प्री-ऑर्डरमधूनच भागवायचं ठरवलं की बहुतेक प्रोजेक्ट अडकतात, कारण आकडे जमतच नाहीत.

आकडे मांडूनच बघा ना. समजा ३,००० फोन, प्रत्येकी ३५० डॉलर, म्हणजे साडेदहा लाख डॉलर जमा झाले, ऐकायला भरपूर वाटतात. त्यातून प्लॅटफॉर्मची फी आणि पेमेंटचे चार्जेस मिळून धरा एक लाख गेले. पार्ट्स, असेंब्ली आणि फॅक्टरीतलं टेस्टिंग मिळून फोनमागे २१० डॉलर धरले तर सहा लाख तीस हजार. पॅकिंग आणि कुरियर फोनमागे २० धरले तर साठ हजार. शंभरातले पाच फोन बदलून द्यावे लागतील असं धरा, म्हणजे आणखी एकतीस-बत्तीस हजार. उरले साधारण दोन लाख अठ्ठावीस हजार. आता यातूनच केसचे मोल्ड, प्रोटोटाइपच्या दोन-तीन फेऱ्या, सर्टिफिकेशनच्या लॅबची बिलं, हे सगळं मिळून दोन लाख सहज जातात. हातात राहिले अठ्ठावीस हजार आणि टॅक्स तर मी अजून धरलेलाच नाही. एवढ्यात एक चांगला कर्नल डेव्हलपर किती महिने ठेवणार? आणि हे सगळं वेळेवर आणि ठरल्याप्रमाणे झालं तर.

हे आकडे माझे अंदाजाचे आहेत, तुमच्या कोटेशनप्रमाणे बदलतील, पण ढाचा बदलत नाही. एकदाचा दोन लाखांचा खर्च ५०० फोनांवर वाटला तर फोनमागे ४०० डॉलर पडतात, ३,००० वर साधारण ६७, आणि २०,००० वर फक्त १०. मोठ्या कंपन्यांचा फोन स्वस्त का असतो आणि तुमचा महाग का, याचं अर्धं उत्तर इथेच आहे. उरलेलं अर्धं म्हणजे डिस्प्ले, मेमरी आणि कॅमेऱ्याचे सप्लायर, ते छोट्या ऑर्डरला भावही देत नाहीत आणि माल पुढेही मिळत राहील याची खात्रीही देत नाहीत.

हे नुसतं कागदावरचं नाही. लिब्रेम ५ या लिनक्स फोनचं उदाहरण घ्या. तो बनवणाऱ्या प्युरिझम कंपनीने ऑगस्ट २०१७ मध्ये १५ लाख डॉलरचं टार्गेट ठेवून कॅम्पेन सुरू केलं, दोन महिन्यांत २० लाखांच्या वर गेले, सुरुवातीची किंमत ५९९ डॉलर आणि फोन द्यायचं ठरलं होतं जानेवारी २०१९. प्रत्यक्षात २०१९ च्या शेवटी छोट्या छोट्या बॅच निघायला लागल्या आणि खरं मास प्रॉडक्शन आलं २०२० च्या शेवटी. बऱ्याच लोकांना त्यानंतरही थांबावं लागलं, रिफंडवरून वाद झाले, किंमतही पुढे दुपटीच्या आसपास गेली. यात त्यांनी काहीच केलं नाही असं म्हणणं मात्र अन्यायाचं होईल. फॉश नावाचा जो शेल, म्हणजे होम स्क्रीन आणि मेनू दाखवणारा भाग, आज कितीतरी लिनक्स फोनांवर चालतो तो याच प्रोजेक्टमधून आला, जीटीके या टूलकिटवर बनलेली लिनक्सची अ‍ॅप्स छोट्या स्क्रीनवर नीट बसायला लागली ती त्यांच्याच कामामुळे. म्हणजे फोन घेणाऱ्यांच्या पैशांतून एक अख्खा सॉफ्टवेअर स्टॅक लिहिला जात होता, ज्याचा फायदा सगळ्यांना झाला, पण वाट बघत बसले ते मात्र पैसे भरलेले लोक.

पाइनफोन या दुसऱ्या लिनक्स फोनने याच्या बरोबर उलट केलं. तो बनवणाऱ्या पाइन६४ ने सांगून टाकलं की आम्ही हार्डवेअर बनवणार, सॉफ्टवेअर कम्युनिटीचं. पहिली ब्रेव्हहार्ट एडिशन जानेवारी २०२० मध्ये १४९ डॉलरला लोकांना मिळायला लागली, आणि त्यात रोजच्या वापराचं सॉफ्टवेअर नव्हतंच, ते आधीच स्पष्ट लिहिलेलं होतं. मग मोबाइल लिनक्सच्या वेगवेगळ्या प्रोजेक्टच्या नावाने कम्युनिटी एडिशन आल्या, युबीपोर्ट्स, पोस्टमार्केटओएस, मांजारो, केडीई, मोबियन, मागच्या कव्हरवर त्या त्या प्रोजेक्टचा लोगो आणि विकलेल्या प्रत्येक फोनमागे १० डॉलर त्या प्रोजेक्टला. मला ही कल्पना आजही आवडते. एका दगडात दोन पक्षी, म्हणजे प्रोजेक्टला पैसेही मिळाले आणि प्रत्येक प्रोजेक्टचे लोक आपापल्या मंडळींना सांगायला लागले की आपला फोन आलाय, घ्या. एजन्सीला पैसे देऊन ही गोष्ट मिळत नाही.

पण पाइनफोनच्या पद्धतीतही खोट आहे आणि ती तुम्ही डोळे उघडे ठेवून बघा. १० डॉलर गुणिले काही हजार फोन, यातून एखाद्या माणसाचा फार तर वर्षभराचा पगार निघतो, मॉडेम (नेटवर्कला जोडणारी चिप), पॉवर मॅनेजमेंट आणि कॅमेरा ड्रायव्हरचं पाच वर्षांचं काम निघत नाही. कॉल येताना फोन झोपेतून उठायला किती वेळ लागतो, बॅटरी रात्रभरात किती उतरते, असल्या गोष्टी मोजकी माणसं रात्री-अपरात्री बसून सोडवत होती आणि ती थकली की काम थांबतं. हार्डवेअर कॉस्टच्या जवळपास विकलं की लोक खूश होतात, पण दुरुस्त्यांसाठी पैसा उरत नाही.

मग करायचं काय? माझं म्हणणं, सॉफ्टवेअरचे पैसे ग्रँटमधून, डोनेशनमधून आणि सर्व्हिसमधून आणा, आणि हार्डवेअरच्या किमतीत सॉफ्टवेअरचा एक ठरलेला भाग उघडपणे दाखवा. फोनमागे १० नाही, ३० किंवा ४० ठेवा, आणि ते कोणत्या कामाला जाणार ते लिहून टाका. वरच्या हिशोबात मग किंमत ३५० ची ३९० होईल, होऊ दे. ३५० ला घेणारा माणूस ३९० लाही घेतो, कारण तो स्वस्त आहे म्हणून घेतच नाहीये.

ग्रँटबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण आपल्याकडचे बरेच लोक हा भाग सोडूनच देतात. नेदरलँड्समधली एनएलनेट फाउंडेशन युरोपियन कमिशनच्या पैशांवर एनजीआय झिरो नावाचे फंड चालवत आली आहे, त्यातली पहिली ग्रँट साधारण ५,००० ते ५०,००० युरोपर्यंत. मोबाइल लिनक्सच्या बऱ्याच कामांना तिथून पैसे मिळालेत, पोस्टमार्केटओएस त्यातलंच. फॉर्म छोटा असतो, कंपनी असलीच पाहिजे असं नाही, पण काम माइलस्टोनमध्ये तोडून द्यावं लागतं आणि माइलस्टोन पूर्ण झाला की पैसे. अर्ज करण्याआधी फंडाच्या सध्याच्या अटी आणि मुदत मात्र बघून घ्या, त्या बदलत असतात.

इथे बहुतेक अर्ज पडतात ते फार मोठं काहीतरी मागितल्यामुळे. "आम्ही ओपन फोन बनवतोय, मदत करा" याला कोणी पैसे देत नाही. "अमुक मॉडेमचा ऑडिओ रूटिंगचा ड्रायव्हर मेनलाइन कर्नलमध्ये घालणार, टप्पे चार, पहिल्यात कॉलचा आवाज हेडफोनवर, दुसऱ्यात स्पीकर आणि एको कॅन्सलेशन, तिसऱ्यात ब्लूटूथ, चौथ्यात पॅच अपस्ट्रीमला, म्हणजे मूळ कर्नलमध्ये, मर्ज आणि डॉक्युमेंटेशन", याला मिळतात. कारण हे काम तुमचा फोन बुडाला तरी दुसऱ्या दहा फोनांना उपयोगी पडणार असतं. तुमच्या कॉलच्या आवाजाची जी गडबड तुम्ही लिहिलीय तीच ग्रँटचा विषय म्हणून उचला, मी तर म्हणेन पुढच्या आठवड्यातच लिहायला बसा.

डोनेशन घ्यायला ओपन कलेक्टिव्हसारखी जागा बरी, कारण आलेला आणि गेलेला प्रत्येक पैसा सगळ्यांना दिसतो. कोणा एकाच्या स्वतःच्या बँक खात्यात डोनेशन घेऊ नका, टॅक्सचा त्रास तर आहेच, पण टीममध्ये मतभेद झाले की पहिली शंका तिथेच येते. एका हार्डवेअर ग्रुपमध्ये हे जवळून बघितलंय, पैसे कोणी खाल्ले नव्हते, तरी हिशोब दाखवता येईना म्हणून चांगली माणसं सोडून गेली. आणि डोनेशनवर फार भिस्त ठेवू नका. ग्राफिनओएससारखा प्रोजेक्ट डोनेशनवर चालतो हे खरं, पण ते स्वतः हार्डवेअर बनवत नाहीत, पिक्सेलवर चालणारं सॉफ्टवेअर देतात. मोल्डचे पैसे डोनेशनमधून निघत नाहीत.

आता गुंतवणूकदार. मोठी व्हीसी (व्हेंचर कॅपिटल) मंडळी वाईट असतात असं मी म्हणत नाही, त्यांचं गणित वेगळं असतं इतकंच. सायनोजेनमॉड हा कम्युनिटीचा रॉम, म्हणजे फोनवर टाकायचं बदललेलं अँड्रॉइड, होता, त्याची २०१३ मध्ये सायनोजेन इन्क कंपनी झाली, मार्च २०१५ मध्ये तर एका राउंडमध्ये ८ कोटी डॉलर आले. एवढे पैसे आले की कोट्यवधी फोनांवर जायलाच पाहिजे, मग पार्टनरशी करार, एक्सक्लुझिव्हचे वाद, दिशा बदलणं, आणि २०१६ च्या शेवटी सर्व्हिसेसच बंद. कम्युनिटीला कोड उचलून लीनिएजओएस या नव्या नावाने उभं राहावं लागलं, नाव आणि ट्रेडमार्क कंपनीकडे होते म्हणून. यातून तुमच्यासाठी कामाची गोष्ट ही की प्रोजेक्टचं नाव, डोमेन, साइनिंगच्या की (ज्यांनी अपडेट खरे ठरतात त्या डिजिटल किल्ल्या), हे सगळं पैसे घेण्याआधी फाउंडेशन किंवा सोसायटीच्या नावावर करा आणि हार्डवेअर विकणारी कंपनी वेगळी ठेवा, कंपनी बुडाली तरी कोड आणि नाव दोन्ही वाचतं. ओळखीतला, घाई नसलेला एखादा गुंतवणूकदार मोल्ड आणि सर्टिफिकेशनपुरते पैसे कर्ज म्हणून देत असेल तर जरूर घ्या, तो एकदाचाच खर्च आहे आणि फेडायचा कसा ते सांगता येतं.

टार्गेट किती ठेवायचं, यावर लोक फार चुकीची उदाहरणं देतात. उबुंटू एज या फोनची सगळे अपयश म्हणून आठवण काढतात. २०१३ च्या जुलैमध्ये उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलने इंडीगोगो या क्राउडफंडिंग साइटवर ३ कोटी २० लाख डॉलरचं टार्गेट ठेवलं, महिन्याभरात साधारण १ कोटी २८ लाखांपर्यंत गेले, टार्गेट गाठलं नाही म्हणून फोन झालाच नाही. पण कोणाचे पैसे अडकले नाहीत! सगळे परत. आता दुसरीकडे योला या कंपनीचा टॅबलेट बघा, २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये टार्गेट फक्त ३ लाख ८० हजार डॉलर, ते काही तासांत पार झालं, शेवटी २५ लाखांच्या आसपास जमले. पुढच्या वर्षी कंपनीचा फंडिंग राउंड अडला, पैशाची तंगी आली, आणि २०१६ च्या सुरुवातीला सांगावं लागलं की सगळ्यांना टॅबलेट मिळणार नाही, रिफंड द्यायचा तर अर्धा आधी आणि उरलेला परिस्थिती सुधारल्यावर. मला विचाराल तर यातलं पहिलं कॅम्पेन जास्त प्रामाणिक होतं. टार्गेट म्हणजे "एवढ्यात फोन नक्की बनतो" हा आकडा, "एवढं तर सहज जमेल" हा आकडा नव्हे. कमी टार्गेट ठेवून ते ७०० टक्के झालं अशी बातमी करायचा मोह होतो, एजन्सीवाले हेच सुचवतात, आणि यातच लोक फसतात.

आणि टार्गेट न गाठल्यास पैसे परत, हाच प्रकार निवडा. जमतील तेवढे ठेवा वाला ऑप्शन हार्डवेअरसाठी घेऊच नका. ५०० फोनांचे पैसे हातात आणि ३,००० चा कमीत कमी ऑर्डरचा आकडा समोर, यासारखी वाईट जागा नाही.

फेअरफोन या कंपनीने २०१३ मध्ये जे केलं ते यात मला सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. ३२५ युरो किंमत, ५,००० प्री-ऑर्डर आल्या की प्रॉडक्शन, ही अट सरळ सांगितली, त्या आल्या, मग पहिली बॅच २५,००० ची काढली. आणि ३२५ युरो कुठे कुठे जातात त्याचा तक्ताच लोकांसमोर ठेवला. तो फोन पूर्ण ओपन सोर्स नव्हता हे मान्य, आणि त्याचा त्रासही त्यांना झाला, पहिल्या फोनच्या मीडियाटेक चिपसाठी नवीन अँड्रॉइड मिळेना म्हणून २०१७ मध्ये सपोर्ट थांबवावा लागला. पुढचा फेअरफोन २ मात्र २०१५ ला येऊन २०२३ पर्यंत अपडेट घेत राहिला. "सात वर्षं अपडेट" हे नंतर त्यांचं विकायचं सगळ्यात मोठं कारण झालं. तुमच्याकडे मेनलाइन कर्नल आहे म्हणजे ही गोष्ट तुमच्याकडे पहिल्या दिवसापासून आहे, ती सोडून तुम्ही पोस्टरवर कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल लिहिताय, ते आधी काढा.

मार्केटिंगकडे येतो. तुमच्या फोनचा ग्राहक कोण? ज्याला स्वस्त फोन हवा तो नाही. मोझिलाने फायरफॉक्स ओएस घेऊन स्वस्त फोनांच्या बाजारात उतरून बघितलं, ऑपरेटर सोबत होते, पैसा होता, नाव होतं, २०१४ मध्ये तर २५ डॉलरच्या फोनची घोषणा झाली, तरी २०१५ च्या शेवटी ऑपरेटरमार्फत फोन विकणं बंद केलं. अधिकृत व्हॉट्सअ‍ॅप नव्हतं, बाकी रोजची अ‍ॅप्स नव्हती, आणि तेवढ्याच पैशांत साधा अँड्रॉइड मिळायला लागला होता. मोझिलाला जे जमलं नाही ते पाच जणांच्या टीमने करून बघू नये. ज्याला फक्त प्रायव्हसी हवी तोही पूर्णपणे तुमचा नाही, त्याला पिक्सेलवर दुसरा रॉम टाकून जास्त सुरक्षित फोन आजच मिळतो आणि त्याची बँकेची अ‍ॅप्सही बऱ्यापैकी चालतात. तुमचा खरा ग्राहक म्हणजे ज्याला फोन कॉम्प्युटरसारखा वापरायचाय, स्वतः बदलायचाय, दुरुस्त करायचाय, दहा वर्षं चालवायचाय, आणि तो आज कुठे अडतो हे ज्याला समजतं. हे लोक जगभर विखुरलेले पण थोडेच आहेत, आणि ते एकमेकांचं ऐकतात. जाहिरातीचं ते ऐकत नाहीत.

म्हणून एजन्सी नको. त्या पैशांतून ५० बोर्ड जास्त बनवा आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्या, डिस्ट्रो (लिनक्सची वापरायला तयार आवृत्ती) सांभाळणाऱ्या लोकांना फुकट पाठवा. पाइनफोनचं डेव्हलपर किट २०१९ मध्ये आधी अशाच लोकांपर्यंत गेलं, फोस्डेमला दाखवलं गेलं, आणि विक्री सुरू व्हायच्या आत बऱ्याच डिस्ट्रो त्यावर बूट होत होत्या. ब्रसेल्सला साधारण फेब्रुवारीच्या सुरुवातीला होणाऱ्या या एका कॉन्फरन्सला तुमचे सगळे पहिले ग्राहक एकाच ठिकाणी भेटतात, तिथे टेबल मिळवा, फोन लोकांच्या हातात द्या, हातातून काढून घेऊ नका.

आता काय बोलायचं. "१०० टक्के ओपन फोन" हे वाक्य वेबसाइटवरून आजच काढा. तुमच्या मॉडेममधलं फर्मवेअर (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) बंद आहे, म्हणजे त्याचा कोड खुला नाही, सगळ्यांचंच असतं, आणि हे माहीत असलेला पहिला माणूस ते सगळ्यांसमोर विचारणार. त्याऐवजी सांगा की मॉडेम वेगळ्या चिपवर आहे, यूएसबीने जोडलेला आहे, मेन मेमरीला हात लावू शकत नाही आणि स्विचने वीज तोडता येते. हे खरं आहे आणि वापरणाऱ्याच्या कामाचंही आहे. पाइनफोनच्या मॉडेमवर आत एक छोटं लिनक्स चालतं, कम्युनिटीने त्यासाठी स्वतःचं फर्मवेअर लिहिलं, तरी बेसबँडचा, म्हणजे नेटवर्कशी बोलणाऱ्या प्रोसेसरचा, आतला भाग बंदच राहिला आणि त्यांनी तो तसाच लिहून ठेवला, याने विश्वास वाढलाच.

काय चालतं आणि काय नाही याचा एक तक्ता पहिल्या पानावर ठेवा आणि दर महिन्याला बदला. मी एका प्रोजेक्टला अपडेट कसा लिहायचा ते सांगताना हा नमुना दिला होता: "कॉल चालतो, स्पीकरवर समोरच्याला एको येतो, कारण सापडलंय, दुरुस्ती टेस्टिंगमध्ये. व्होल्टी दोन नेटवर्कवर चाललं, एकावर नाही. झोपेत बॅटरी तासाला साधारण तीन टक्के उतरते, आम्हाला एकवर आणायचीय. कॅमेरा फक्त फोटो काढतो, व्हिडिओ नाही. डिस्प्लेचा सॅम्पल लॉट उशिरा आला, त्यामुळे प्रॉडक्शन तीन आठवडे पुढे." एवढंच. विशेषणं नाहीत, "लवकरच" हा शब्द नाही. असा अपडेट वाचून कोणी रिफंड मागत नाही. रिफंड मागतात ते दोन महिने काहीच न कळल्यावर.

व्होल्टी, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच कॉल लावायची सोय, मुद्दाम लिहिलंय. बऱ्याच देशांत ३जी बंद झालं किंवा होतंय, अमेरिकेत एटी अँड टीने फेब्रुवारी २०२२ मध्ये बंद केलं, आणि काही ऑपरेटर फक्त त्यांच्या यादीतल्या फोनलाच कॉल करू देतात. म्हणजे तुमच्या बोर्डावर सगळं बरोबर असूनही ग्राहकाचा कॉल लागणार नाही. कोणत्या देशात कोणत्या नेटवर्कवर कॉल लागतो याची यादी प्री-ऑर्डर घेण्याच्या आधी तयार हवी आणि जिथे लागत नाही तिथे ऑर्डरच घेऊ नका. विक्री थोडी कमी होईल, पण नंतरचा रिफंड, परतीचं कुरियर आणि बदनामी वाचेल.

आवाजाची गडबड दुरुस्त केल्याशिवाय कॅम्पेन सुरू करू नका, हे मी जरा जोर देऊन सांगतो. ओपनमोको या प्रोजेक्टचा नीओ फ्रीरनर २००८ मध्ये आला, खरोखर ओपन वाटलेल्या सुरुवातीच्या फोनांपैकी एक. बऱ्याच फोनांत बोलताना समोरच्याला गुणगुण ऐकू यायची. दोष बोर्डावर होता, सॉफ्टवेअरने जाणारा नव्हता, सोल्डरिंग आयर्न घेऊन पार्ट बदलावा लागायचा, लोक त्यासाठी एकत्र जमून एकमेकांचे फोन दुरुस्त करायचे. त्यातच मॉडेम झोपेत गेला की नेटवर्कवरून सुटून पुन्हा पुन्हा जोडला जायचा आणि बॅटरी संपायची, त्यावरही उपाय म्हणजे बोर्डावरचा कपॅसिटर बदलणं. हे सगळं चालू असताना वरचं सॉफ्टवेअर आधी जीटीकेवर, मग क्यूटोपियाकडे, मग आणखी एका नव्या फ्रेमवर्ककडे गेलं. प्रेम करणारे लोक भरपूर होते, पण एप्रिल २००९ मध्ये पुढचा फोन रद्द झाला आणि लोकांना काढावं लागलं. फोन म्हणून विकलेल्या वस्तूवर बोलता आलंच पाहिजे. बोर्डावरचा दोष २० प्रोटोटाइपवर सापडला तर एक फेरी जाते, ३,००० फोनांवर सापडला तर प्रोजेक्ट जातो.

त्यामुळे क्रम माझ्या मते असा असावा. आधी ग्रँटचा अर्ज आणि आवाजाचं काम. त्याच वेळेला डेव्हलपरांसाठी शंभर-दोनशे बोर्डांची छोटी बॅच, केसशिवाय किंवा थ्रीडी प्रिंटच्या केसमध्ये, कॉस्टवर थोडा मार्जिन ठेवून, "हा फोन नाही, डेव्हलपमेंट बोर्ड आहे" असं मोठ्या अक्षरात लिहून. ही विकायला क्राउडफंडिंग लागत नाही, साधं दुकानाचं पान पुरतं. यातून तुम्हाला खरे दोष कळतील, फॅक्टरी कशी वागते ते कळेल, आणि कॅम्पेनच्या दिवशी तुमच्या बाजूने बोलणारी माणसं आधीच तयार असतील. मोल्डचे पैसे त्यानंतर, तेही सर्टिफिकेशनच्या लॅबमध्ये प्री-स्कॅन (प्राथमिक तपासणी) करून झाल्यावर, कारण अँटेना फेल झाला की केस बदलते आणि केस बदलली की मोल्ड परत. बॅटरीची यूएन ३८.३ ही वाहतुकीच्या सुरक्षेची टेस्ट आधी करून घ्या, तिच्याशिवाय विमानाने माल जात नाही आणि लोकांना हे नेमकं माल पॅक झाल्यावर आठवतं.

मोठ्या कॅम्पेनमध्ये आलेल्या पैशांपैकी दहा-पंधरा टक्के रिफंडसाठी बाजूला, वेगळ्या खात्यात, आणि फोन पोचेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. पार्ट्सची ऑर्डर देताना डिस्प्ले, बॅटरी आणि यूएसबीचा छोटा बोर्ड हे तीन विकलेल्या फोनांच्या निदान दहा टक्के जास्त घ्या. डिस्प्लेचं मॉडेल सप्लायर दोन वर्षांत बंद करतो आणि नंतर कितीही पैसे दिले तरी मिळत नाही. दहा वर्षं चालणारा फोन म्हणून विकलात तर तिसऱ्या वर्षी फुटलेली स्क्रीन तुमच्या दुकानात मिळायला हवी, आणि ती विकून येणारे थोडे थोडे पैसे सॉफ्टवेअरच्या खात्यात टाका.

कोटेशन आली की आकडे इथेच टाका, मी परत मांडून बघतो. मॉडेम कोणता आहे आणि ऑडिओ कोडेक (आवाजाची चिप) कुठे जोडलाय तेही लिहा, कॉलच्या आवाजाचं बरंचसं तिथेच कळेल.